विमानाचे दात

आमचे शेजारी धनसिंग राठोड यांनी उभ्या आयुष्यात कोरी वस्तू वापरलेली नाही. त्यांचा फ्रिज जुना, स्कूटर जुनी, आणि भिंतीवरचं घड्याळ कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून आणलेलं. चपला तेवढ्या जुन्या मिळत नाहीत, म्हणून त्या नाइलाजानं नव्या घ्याव्या लागतात. पण घेतल्यावर पहिले पंधरा दिवस त्या मी वापरतो. आमच्या दोघांच्या पायाचं माप एकच आहे हे त्यांना ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून आमचा शेजार पक्का झाला. सोळाव्या दिवशी ते दारात येतात, चपलेचा तळ उलटा करून बघतात, पट्टा ओढून बघतात आणि विचारतात, "गुरुजी, चावली का कुठं?" मी नाही म्हटलं की मगच पायात घालतात.

याला कोणी कंजूसपणा म्हणेल. मीही पहिली दोन वर्षं तसंच समजत होतो. पण ती शुद्ध भीती आहे.

"कोऱ्या वस्तूची खोड कोणाला म्हाईत असती?" आबा म्हणतात. सगळी हिंगोली त्यांना आबाच म्हणते. "जुन्यानं आपली खोड दावलेली असती. तेवढी वळखायची, की मंग तकलीफ न्हाई."

माणूस सहा फूट उंच, मिशा पांढऱ्याशुभ्र, आवाज असा की गल्लीच्या तोंडावरून हाक मारली तर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यावी. आणि घाबरतात कशाला म्हणाल, तर लिफ्टला, मिक्सरला, गॅसच्या शेगडीला, फुटणाऱ्या आणि न फुटणाऱ्या अशा दोन्ही फटाक्यांना. हॉटेलात गेले की आधी शेजारच्या टेबलावरचा माणूस खाऊन उठेपर्यंत थांबतात, त्याला "बरं वाटून राहिलं ना?" असं विचारतात आणि मग आपली मिसळ मागवतात. असा प्रश्न विचारल्यावर बरं वाटणारा माणूसही जरा पोट चाचपतो.

पण जुन्या वस्तूच्या बाबतीत आख्ख्या जिल्ह्यात त्यांचा शब्द प्रमाण. आबांचा तांडा, म्हणजे बंजाऱ्यांची वस्ती, साखरा गावाच्या अलीकडे. त्यांचे आजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलखात फिरत. पुढं लदेणीचे बैल गेले, तांडा शेतीला लागला, पण जनावर ओळखायची विद्या घरात राहिली. बैल घ्यायचा तर लोक आबांना बाजारात नेत. मग बैल कमी झाले, तेव्हा तेच लोक जुना ट्रॅक्टर, जुनी मोटारसायकल, जुना पाण्याचा पंप बघायला त्यांना नेऊ लागले. आबांनी पद्धत बदलली नाही. आधी तोंड उघडून दात बघायचे. मग विकणाऱ्याला सोडून वैरण टाकणाऱ्याला गाठायचं, कारण त्यांच्या मते "मालक लबाडच बोलणार, खरं त्या गड्यालाच म्हाईत." त्याला एकच प्रश्न विचारायचा, "मालक काहून इकून राहिला?" मग ओझं लादून चढावर चालवून बघायचं, आणि तेही आधी स्वतः, घरातल्या कोणाला बसू न देता. सगळं मनासारखं झालं की खिशातून गुलालाची पुडी काढायची आणि कपाळाला लावायची. गुलाल लागला की जनावर आपलं. त्यानंतर कोणी निम्म्या भावात दुसरं दिलं तरी तांड्याचा माणूस मागं फिरत नाही.

पुसेगावच्या एका माणसाबरोबर ते ट्रॅक्टर बघायला गेले होते, तेव्हा मी सोबत होतो. आबा मालकाशी नमस्कारापलीकडे शब्द बोलले नाहीत. गोठ्याशी बसलेल्या ड्रायव्हरला तंबाखू दिली आणि विचारलं, "उतारावर काय म्हणतो हा?" ड्रायव्हर खाली बघू लागला. आबा उठले, धोतर झटकलं आणि आम्ही परत आलो. तो ट्रॅक्टर पुढं दुसऱ्याच कोणीतरी घेतला आणि महिन्याभरात उतारावर नाल्यात घातला. माणूस वाचला, पाय गेला. लोक आबांची वाहवा करत होते आणि आबा आठ दिवस नीट जेवले नाहीत. "त्या दुसऱ्यालाबी सांगायला पायजे होतं, गुरुजी," एवढंच म्हणत.

आता प्रकाशबद्दल सांगायला हवं. प्रकाश हा आबांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी. इंग्रजीत मी त्याला दोनदा नापास केलं होतं, आणि आज तो तीन राज्यांत रस्ते आणि पूल बांधतो. हिंगोलीतलं घर त्यानंच बांधलं. स्वतः मात्र तो कधी छत्तीसगडात, कधी तेलंगणात, कधी आणखी कुठं. घरी दोन-तीन महिन्यांतून एकदा येतो, दोन दिवस राहतो, फोनवर बोलतो आणि जातो. काकू, म्हणजे आबांच्या मंडळी, तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्या दिवशी प्रकाश आला, पण उशिरा आला. त्याबद्दल बापलेकांत कधी शब्द निघाल्याचं मी ऐकलं नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी आबा आमच्या ओसरीवर येऊन बसले. चहा दिला, तो तसाच ठेवला. ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. त्या आवाजाच्या माणसाला असं बघून मीही माझा कप खाली ठेवला.

"परकाश इमान घेऊन राहिला," शेवटी ते म्हणाले.

"तिकीट?"

"तिकीट न्हाई हो. इमान. आख्खं. सा माणसं बसतात म्हणे. आपलं स्वताचं."

 मला सुचलं ते बोललो, आणि ते बोलायला नको होतं. मी विचारलं, "कोरं का?"

"जुनं हाय," आबा म्हणाले आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

प्रकाशनं फोनवर सगळं सांगितलं होतं. चौदा वर्षांचं छोटं जेट विमान, एका कंपनीनं वापरलेलं, हैदराबादला उभं आहे. कामाच्या जागा लांब, रस्त्यात दिवस जातात, विमान असलं की दोन तासांत नांदेड. हिंगोलीला विमान उतरायला जागा नाही, पण नांदेडला आहे.

"मंग नांदेडहून यष्टीच की!" आबा म्हणाले. त्या परिस्थितीतही मला हसू आलं, त्यांना आलं नाही. "गुरुजी, बैल बिघडला तर बसतो. ट्रॅक्टर बिघडला तर हुभा राहतो. हे बिघडल्यावर काय करतं?"

 मी आयुष्यात एकदा विमानात बसलोय, निवृत्तीनंतर, आणि त्या दीड तासात मला माझे सगळे नापास केलेले विद्यार्थी आठवले होते.

प्रकाशला आबांनी एकच अट घातली. आपण स्वतः पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. प्रकाशनं ताबडतोब कबूल केलं, गाडीही पाठवतो म्हणाला. आणि कागद इंग्रजीत असणार म्हणून आबांनी मला बरोबर घेतलं. मी बायकोकडे पाहिलं. तिनं नको म्हणावं अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, "जा की. नाहीतरी घरात काय करून राहिलात?"

हैदराबादला विमानांच्या एका मोठ्या शेडमध्ये ते उभं होतं. पांढरं, अंगावर एक निळी रेघ, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान. लहान असल्यानं माझी भीती वाढली. एवढ्याशा वस्तूनं एवढ्या उंचीवर जाणं मला उद्धटपणाचं वाटलं. प्रकाश आधीच येऊन थांबला होता. त्यानं वाकून आबांना नमस्कार केला, माझ्या पाया पडला. विकणाऱ्यातर्फे एक दलाल आला होता, दिल्लीकडचा, टाय घातलेला, बोलणं गोड. आबांनी त्याचं नाव ऐकून घेतलं आणि शेवटपर्यंत त्याला "गळपट्टीवाला" म्हटलं.

आबांनी विमानाला एक प्रदक्षिणा घातली. चाकांवरून हात फिरवला. पंखाखाली वाकून वास घेतला. शेपटीकडून थोडा वेळ नुसतं बघत राहिले. मग पुढं येऊन म्हणाले, "तोंड उघडा."

दलालानं दार उघडलं.

"ते पोट झालं," आबा म्हणाले. "तोंड उघडा म्हणतो मी. दात बघायचे."

दलालानं माझ्याकडं पाहिलं. हे भाषांतर करण्याइतकं माझं इंग्रजी चांगलं आहे, पण हिंमत नव्हती. मी चाचरत "ओपन द माउथ" असं काहीतरी म्हणालो. शेडच्या कडेला एक म्हातारा मेकॅनिक कापडानं हात पुसत उभा होता. तो मात्र हसत पुढं आला. "समझ गया," तो म्हणाला. "साहब अंदर के ब्लेड पूछ रहे." त्याचं नाव युसुफभाई. इंजिन तपासायची तयारी प्रकाशच्या माणसांनी त्याच दिवशी ठेवली होती. त्यांनी एक बारीक काळी नळी इंजिनात घातली. तिच्या टोकाला कॅमेरा होता, आणि पडद्यावर इंजिनाच्या आतलं दिसू लागलं. गोलाकार बसवलेल्या लहान लहान पात्या, एकीशेजारी एक, ओळीनं.

आबांनी चष्मा लावला. "दातच हायेत की," ते हळूच म्हणाले.

त्या चाकातली एकेक पाती त्यांनी बघितली. प्रकाशच्या माणसांतला एक पोरगा चाक हळूहळू फिरवत होता आणि आबा बोटांवर मोजत होते.  एकविसाव्या पातीशी ते ओरडले, "थांब! मागं घे." पडद्यावर त्या पातीची कड जराशी दबलेली दिसत होती, बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत. "ह्यो दात कानशीनं घासलाय. म्हाताऱ्या बैलाचं वय लपवायला बाजारात असंच घासतात."

दलालाचा चेहरा उतरला. आबांनी मला कागद काढायला लावले. मी इंजिनाची वही चाळली, आणि खरंच, सात वर्षांपूर्वीची नोंद सापडली. पक्षी आत गेला होता, एक पाती दुखावली होती, कारखान्याच्या नियमाप्रमाणे घासून नीट केली होती. प्रकाशच्या इंजिनियरनं मोजमाप घेतलं आणि सांगितलं की हे चालतं, धोका नाही. दलाल सांगायला विसरला होता, एवढंच. पण मला आता त्या पातीशिवाय काही दिसेना. चौदा वर्षांच्या त्या यंत्रात आणखी काय काय विसरलेलं असेल याचा मी हिशेब करू लागलो.

आबांना मात्र ज्या माणसाशी बोलायचं होतं तो आता त्यांना सापडला होता. ते युसुफभाईला शेडच्या मागं घेऊन गेले. तिथं पाण्याचा नळ होता. मी भाषांतराला म्हणून मागं गेलो, पण गरज पडली नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना हैदराबादची बोली परकी नसते.

"मालिक काहे को बेच रा?" आबांनी विचारलं.

"बड़ा लिये, इसलिए छोटा निकाल रें. और कुछ नहीं."

"खोड?"

"कुछ नहीं साब. नौ साल से मैं धो रा, मैं पोंछ रा. सीधी गाय है."

आबांचा चेहरा पडला. एवढ्या चांगल्या बातमीवर माणसाचा चेहरा पडलेला मी प्रथमच पाहिला. त्यांनी तंबाखूची डबी पुढं केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमारे लड़के को बिठाते क्या इसमें?"

युसुफभाई विचारात पडला. "मेरा लड़का तो बस में भी उलटी करता," तो म्हणाला. मग आबांच्या डोळ्यांत पाहून त्यानं हसणं आवरलं. "बिठाता, साब. अल्ला कसम बिठाता."

आबांनी मान हलवली आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारलं.

दुपारी विमान उडवून दाखवायचं ठरलं होतं. प्रकाश जिन्याकडं निघाला, तोच आबांनी त्याचा दंड धरला. "तू न्हाई. आधी मी."

"आबा, तुमी? अहो, तुमी लिफ्टमधी बसत न्हाई."

"नवी जोडी जुपली की पहिल्या फेरीला गाडीत लेकरू बसवत न्हाईत. तुला म्हाईत न्हाई का? तू खाली थांब." मग ते वळून माझ्याकडं बघत म्हणाले, "गुरुजी, चला."

मी लेकरू नव्हतो हे मला त्या क्षणी फार जाणवलं. मी म्हणालो, माझं काय काम? तर म्हणाले, "वर गेल्यावर ते इंग्रजीत बोलले तर मला काय कळंल?" नाही म्हणण्याची वेळ निघून गेली होती. खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या माणसानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं, आणि ते सोडवून घेणं मला जमलं नाही.

विमान चालवणारी एक तरुण मुलगी होती. तिला बघून आबांना जरा धीर आला. "पोरगी हाय का? बरं झालं. पोरी सांभाळून हाकतात." तिला मराठी येत नव्हतं, तिनं हसून नमस्कार केला. आबांनी जिन्यापाशी कानातल्या बाळ्या काढल्या, बोटातली अंगठी काढली, खिशातली किल्ली काढली आणि सगळं प्रकाशच्या हातात दिलं. "ठेव," म्हणाले. प्रकाश ते मुठीत धरून उभा राहिला.

मग ती गोष्ट घडली. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीकडं जातो. देवाचं नाव घेत आबांनी खिशातून गुलालाची पुडी काढली, विमानाच्या नाकापाशी गेले आणि बोटं भरून गुलाल लावला. विमानाचा रंग खराब होईल म्हणून दलाल धावला. आबा ओरडले, "पुसू नका!" आणि मग एकदम हातातल्या पुडीकडं बघू लागले. आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं होतं. माझ्याही आलं, प्रकाशच्याही. दलालाला काहीच कळलं नाही, नाहीतर त्यानं तिथल्या तिथं पेढे वाटले असते.

"नजर लागू नये म्हणून लावलं," आबा पुटपुटले. पण कपाळाला गुलाल लागला होता.

आम्ही वर गेलो. त्या वीस मिनिटांबद्दल मी अभिमानानं सांगावं असं काही नाही. धावपट्टीवर धावताना विमान हादरलं, मग हादरणं थांबलं, आणि ते थांबणं जास्त भयंकर होतं. खिडकीतून हैदराबाद तिरपं झालं. मी डोळे मिटले. कसलीतरी घंटी टुण्णकन वाजली आणि आबांनी विचारलं, "काय म्हणून राहिलं ते?" मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, सगळं ठीक आहे म्हणून राहिलंय. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवून मी केलेलं ते सर्वांत धडधडीत खोटं भाषांतर. मग एकदा ते खड्ड्यात पडल्यासारखं खाली गेलं आणि माझ्या तोंडून आईचं नाव निघालं.

आबा ना ओरडले, ना त्यांनी डोळे मिटले. पाय पसरून, दोन्ही हात खुर्चीवर रोवून ते कान देऊन बसले होते. इंजिनाचा प्रत्येक आवाज ते ऐकत होते. कपाळावरून घाम मिशीत उतरत होता.

"गुरुजी," ते म्हणाले, "खोट निघंना."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं? खोट निघाली असती तर न्हाई म्हणालो असतो आन् सुटलो असतो. आता व्हय म्हणावं लागंल. आन् मंग जलमभर आभाळाकडं बघत बसावं लागंल."

 मी त्यांचा हात धरला. एरवी आम्ही दोघं हात धरणारी माणसं नाही.

उतरलो, पाय जमिनीला लागले, आणि मला रडू यायचंच बाकी होतं. प्रकाश शेडपासून धावत आला. त्याच्या मुठीत बाळ्या आणि अंगठी तशीच होती. "आबा, कसं वाटलं?"

"खोट न्हाई," आबा म्हणाले. ते तिथंच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. "गुलाल बी मीच लावला. आता काय इचारतो?"  मग त्यांनी मान वर केली. "परकाश, खरं सांग. धंद्यासाठी घेऊन राहिला ना?"

"व्हय."

"माझ्याकडं बघून सांग."

प्रकाश बघेना. तीन राज्यांत ज्याच्या हाताखाली शेकडो माणसं आहेत, तो माझ्या वर्गात बाकावर उभा केल्यावर जसा बघायचा तसा स्वतःच्या बुटांकडं बघत राहिला. "धंद्याला गाडी पुरती, आबा," तो म्हणाला. "आईच्या टायमाला मी चार तास उशिरा आलो. रस्त्यावर झाड पडलं होतं, मी पायी पळालो, तरी चार तास. ती माझं नाव घेत होती. कोणी मला सांगितलं न्हाई, पण मला म्हाईत हाय. आता तुमच्या टायमाला..."

तिथं तो थांबला. दलाल कागद घेऊन चार पावलांवर उभा होता, त्यालाही पुढं यावंसं वाटलं नाही.

आबा उठले. डोक्याचा रुमाल सोडला आणि विमानाच्या नाकापाशी जाऊन गुलाल पुसू लागले. कोरड्या रुमालानं तो निघेना, उलट पसरला. युसुफभाईनं न बोलता पाण्याची बाटली आणून दिली. आबांनी रुमाल ओला केला आणि घासत राहिले. लाल पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत जात होतं. लावलेला गुलाल पुसणारा माणूस त्यांच्या सात पिढ्यांत झाला नसेल, आणि हे त्यांना माहीत होतं. रंग साफ होतोय म्हणून दलाल तेवढा खूश दिसला.

"माझ्यासाठी घेत असशील तर नगं," आबा पाठमोरेच म्हणाले. "तू यष्टीनं ये. रेल्वेनं ये. झाड पडलं असंल तर वळसा घालून ये. मी थांबीन तू येईपर्यंत."

"आबा, ते काय आपल्या हातात असतं का?"

"तू रस्ते बांध. ते माझ्यावर सोड."

प्रकाश हसला आणि तसाच रडू लागला. आबांनी त्याला जवळ घेतलं नाही, कारण हात लाल होते. ते नुसते हात लांब धरून त्याच्यासमोर उभे राहिले. मी तिथून बाजूला झालो आणि युसुफभाईकडून थोडी तंबाखू मागून घेतली, जी मी खात नाही.

विमान घेतलं नाही. ते पुढं कोणी घेतलं हे मला माहीत नाही, आणि घेतलं असेल त्याला ते नीट चालो. त्याच गाडीनं आम्ही तिघं हिंगोलीला आलो. प्रकाश पाच दिवस राहिला. आता तो महिन्यातून एकदा येतो, कधी चुकतो.

आबांचं मात्र काहीतरी बदललं आहे. हैदराबादहून आल्यावर चौथ्या दिवशी ते मला घेऊन डॉक्टरकडं गेले, रक्तदाब मोजून घेतला आणि आकडा ऐकून इतके घाबरले की डॉक्टरनं तो पुन्हा मोजला, तर आणखी वाढला होता. गोळ्या सुरू झाल्या. मीठ कमी झालं. तंबाखूची डबी त्यांनी माझ्या बायकोच्या ताब्यात दिली. "शब्द दिलाय पोराला," असं कोणालाही सांगतात, आणि पुढचं काही सांगत नाहीत.

रोज पहाटे ते माझं दार वाजवतात. आम्ही मैदानावर चालायला जातो. आबांना कुत्र्यांची भीती, म्हणून मी कुत्र्यांच्या बाजूनं चालतो. डॉक्टरनं चार फेऱ्या सांगितल्या आहेत. चौथी झाली की आम्ही बाकावर बसतो आणि घरी येतो.

परवा चौथी फेरी झाली. मी बाकाकडं वळलो, आबा वळले नाहीत. छाती वरखाली होत होती, चेहरा घामानं भिजला होता, तरी ते पुढं निघाले होते.

"आबा, झाल्या की चार."

"आज एक जास्ती मारू, गुरुजी," ते न थांबता म्हणाले. "परकाशचं नवं काम लई लांब निघालं. तिथून यायला त्याला अठरा तास लागतात."